तुमच्या पुस्तकातली चार कोरी पानं

सर,

तुम्ही गेल्याचं मला शाळेत कळलं, मधल्या सुट्टीत. पोरं ताटल्या घेऊन खिचडीच्या रांगेत उभी होती आणि मी रांग सरळ करत होते. मोबाइलवर कुणीतरी तुमचा फोटो पाठवला होता, खाली दोन ओळी आणि जोडलेले हात. माझा विश्वास बसला नाही. मागच्या वर्षीही लोकांनी तुम्हाला असंच एकदा मारलं होतं, आणि तुम्हीच मला फोन करून म्हणाला होतात, "बाई, मी गेलोय म्हणे. तुम्ही अजून रडायला कशा आला नाहीत?" म्हणून मी तुम्हालाच फोन लावला. दोनदा लावला. तिसऱ्यांदा तुमच्या मुलीनं उचलला, आणि ती काही बोलायच्या आत मला कळलं. मी म्हणाले, "मी धारूरहून बोलतेय, शाळेतली बाई." ती म्हणाली, "हो, भांडणाऱ्या बाई ना?" म्हणजे घरात माझं हे नाव ठेवलं होतं तुम्ही. मग आम्ही दोघी रडलो, आणि खिचडी वाढणाऱ्या मावशी पळी तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

वामनराव गेले त्याला महिनासुद्धा झाला नव्हता. तुमच्या 'अकरावं यान' या टीव्ही मालिकेतली यानं, यंत्रं, ग्रह, सगळं पुठ्ठ्यातून आणि पत्र्यातून उभं करणारा हा माणूस मी कधी पाहिला नाही, पण त्यांचा हात मला ओळखू यायचा. ते गेले त्या आठवड्यात तुम्ही फोन केलात. "मी नुसतं लिहायचो हो, उडवायचा तो," म्हणालात. मग नेहमीसारखं विचारलंत, "माझी पानं कुठं आहेत?" मी म्हणाले, "दिवाळीनंतर नक्की देते." तुम्ही म्हणालात, "कोणत्या दिवाळीनंतर तेवढं सांगा." तुम्ही हसलात, मीही हसले. आपलं शेवटचं बोलणं ते.

तीन वर्षं तुम्ही ती पानं मागत होतात. मालिकेचं पुस्तक निघणार होतं आणि त्यात तुम्हाला दोन शेवट हवे होते, एक तुमचा आणि एक माझा. मी दर वेळी काहीतरी काढायची. निवडणुकीची ड्यूटी लागली, लेकीची बारावी आहे, शाळा तपासणी आहे, हाताला चिकुनगुन्या झालाय. एवढी कारणं तर माझी पोरंसुद्धा गृहपाठासाठी देत नाहीत. परवा तुमच्या मुलीचा परत फोन आला. पुस्तक छापायला चाललंय. "बाबांनी शेवटी चार पानं कोरी ठेवायला सांगितली होती तुमच्यासाठी. सोमवारपर्यंत देता आली तर बघा. नाहीतर ती काढून टाकावी लागतील." तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

तेव्हा सर, आज ऐका. पानं का दिली नाहीत ते सांगते. तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते सांगते.

आमच्या गावात तेव्हा एकच टीव्ही होता, ग्रामपंचायतीचा. लाकडी पेटीत कुलूप लावून ठेवलेला. रविवारी सकाळी शिपाई कुलूप काढायचा आणि सगळं गाव समोरच्या पटांगणात बसायचं. गडीमाणसं पुढं, आम्ही पोरं त्यांच्या पायांत, बायका मागं भिंतीला धरून उभ्या. माझी आई कधी बसली नाही. कडेवर घागर घेऊन उभी राहायची, पाण्याला चाललेच होते, सहज थांबले, असं दाखवत. पण अख्खा भाग संपेपर्यंत ती 'सहज' थांबलेली असायची. आणि वामनरावांचं यान दिसलं रे दिसलं की मागून तिचा आवाज यायचा, "अगं बया, ते कुकरचं झाकण हाय की! आन् त्या बांगड्या हायत बग, रंग मारलाय." पुढून कुणीतरी ओरडायचं, "ए, गप की गं!" पण सगळ्यांना मग झाकण दिसायलाच लागायचं. तुमच्या त्या परक्या ग्रहावर पहिल्यांदा माणसं उतरली ना, तेव्हा ती म्हणाली, "ह्यो तर आपला बालाघाट. आपल्याच माळावर उतरलेत की मुडदे." मी तुम्हाला हे लिहिलं होतं. तुम्ही उत्तरात लिहिलंत की तो माळ नगरच्या बाजूचा होता, पण आईंची नजर मान्य.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीची टोळी निघाली. तुमच्या मालिकेचे चार भाग राहिले होते. मी दहा वर्षांची होते. मला वाटलं, मी इतकी बघतेय म्हटल्यावर टीव्हीवाले थांबतील. रडून बघितलं. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "कारखाना थांबतोय व्हय तुज्या इमानापायी?" ट्रकात ज्वारीची पोती गेली, चूल गेली, दोन कोंबड्या गेल्या, मी गेले.

तिकडं उसाच्या फडात दुपारी भाकरी खायला बसलं की आई विचारायची, "काय झालं आसंल गं त्या लोकांचं?" मला काय ठाऊक! पण तिला मी म्हणजे टीव्हीच वाटायचे. शाळेत जाते म्हटल्यावर पोरीला सगळं ठाऊक असणारच. मग मी सांगायला लागले. रोज थोडं. उसाच्या वाळल्या पाचटावर बसून टोळीतल्या सगळ्या बाया ऐकायच्या. मी यान भरकटवलं, मी लोकांना उपाशी ठेवलं, मी त्या दाढीवाल्या कप्तानाचं डोकं फिरवलं. एका दुपारी आईनं भाकरीचा तुकडा हातात धरून विचारलं, "मग आले का न्हाई ते माघारी?" मी म्हणाले, "आले." "समदे?" "समदे आले." ती म्हणाली, "बरं झालं माय. मागं कुणी ऱ्हायलं न्हाई ना?" मी म्हणाले, "कुणीसुद्धा न्हाई."

तो शेवट मी पुढं इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितला की मला तो तुमचाच वाटायला लागला. डी.एड.ला असताना तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं, टीव्ही केंद्राच्या पत्त्यावर. दोन पानं नुसतं कौतुक. सगळे सुखरूप परत येतात तो तुमचा शेवट मला आयुष्यभर पुरेल, असं काहीबाही लिहिलं होतं. वीस दिवसांनी तुमचं कार्ड आलं. "बाई, हा शेवट माझा नाही. माझ्या मालिकेत कुणीही परत येत नाही. तुम्ही नक्की काय पाहिलंत?"

लाजेनं मला जेवण गेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी राग आला. कावून परत येत नाहीत? कुणी सांगितलं? चार पानी उत्तर पाठवलं तुम्हाला. सर, तुम्ही चुकलात, असं लिहिलं. माणूस कामाला गेला की परत येतो, आमचं अख्खं गाव येतं दर वर्षी, तुमचं यान काय आभाळातून पडलंय का, असंही लिहिलं. ते खरंच आभाळातलं आहे हे तेव्हा ध्यानातच आलं नाही. तुम्ही ते पत्र वामनरावांना वाचून दाखवलंत म्हणे आणि ते चहा सांडेपर्यंत हसले.

तिथून जे भांडण लागलं ते संपलंच नाही. तुमचं म्हणणं एकच. इतक्या लांब गेलेल्या माणसाला परत यायला कारण लागतं. तिकडं जन्मलेली पोरं, तिकडं पुरलेली माणसं, हे सगळं सोडून ते कशासाठी येतील परत? दर पत्रात तुमचा हाच प्रश्न. मी नुसती हट्टाला पेटायची.

माजलगावच्या कॉलेजात तुमचं भाषण होतं, तेव्हा तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं होतं उंच असाल. तुम्ही तर माझ्या खांद्याला! भाषणात धरणाच्या पाण्यावरून तुम्ही पोरांना दुसऱ्या ग्रहावरच्या समुद्रात नेलंत, आणि भाषण संपल्यावर मला म्हणालात, "चला, तुमचं गाव दाखवा." एस.टी.नं आलात. दादांनी तुम्हाला ओसरीत घोंगडीवर बसवलं, गुळाचा चहा दिला. मग एकदम विचारलं, "साहेब, त्या इमानात खायाला काय नेलतं?" तुम्ही म्हणालात, "गोळ्या. एक गोळी खाल्ली की दिवसभर भूक नाही." दादा म्हणाले, "आन् चूल?" तुम्ही बशी खाली ठेवलीत. "आमी टरकात आदी जवारी टाकतो साहेब, मग चूल. मानूस लई मागनं चढतंय. तुमी मानसंच आदी चढवलीत, तितंच घोळ झाला." तुम्ही खिशातून वही काढून ते लिहून घेतलंत. दादा नंतर आठ दिवस गावभर सांगत होते की टीव्हीवाल्या साहेबाला मी शिकवून पाठवलंय.

घरात तुम्ही इकडंतिकडं पाहिलंत आणि विचारलंत, "आई?" मी म्हणाले, "लहानपणीच वारली." एवढंच. दादा उठून बाहेर गेले. तुम्ही पुढं काही विचारलं नाहीत.

मग आपण धारूरच्या किल्ल्यावर गेलो. तटावर बसून तुम्हाला धाप लागली होती आणि तुम्ही तरीही वाद घालत होतात. मी मोठ्यानं बोलायला लागले. गुरं राखणारा म्हातारा वळून बघायला लागला, तेव्हा तुम्ही हात वर केलात. म्हणालात, "बाई, एका मालिकेसाठी कुणी इतकं भांडत नाही. कोण राहिलं होतं मागं?" मी तुमच्या तोंडाकडं पाहिलं. आणि म्हणाले, "कुणी नाही." तुम्ही "बरं" म्हणालात आणि चष्मा पुसत बसलात. मी खोटं बोलले, सर. तुम्हाला ते कळलं होतं, हेही मला कळलं होतं.

आईला मी शेवट सांगितला, त्याला पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. उसाची भरलेली गाडी फडातून रस्त्यावर चढवताना कलंडली. आई मागून हात लावत होती. सकाळचे दहा वाजले असतील, चांगलं ऊन पडलं होतं. मी बांधावर धाकट्या चुलतभावाला खेळवत होते. बाया धावल्या, ऊस उपसला. मला कुणीतरी उचलून लांब नेलं. तिला तिथंच अग्नी दिला, ज्या गावाचं नावसुद्धा आम्हाला धड म्हणता येत नव्हतं तिथं, नदीच्या काठाला. तिसऱ्या दिवशी दादा कामाला लागले. हंगाम अर्धा राहिला होता.

आमच्यात माणसं मोजत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. चैत्रात परत निघताना मुकादम ट्रकापाशी उभा राहून मोजत होता. एक, दोन, तीन. दादांपाशी आला तेव्हा थोडा थांबला. "अर्धा," म्हणाला, आणि पुढं गेला. वाईट माणूस नव्हता तो. त्याची मोजायची रीतच ती.

पुढच्या वर्षी नातेवाईक म्हणाले, पोरगी अकराची हाय, लाव कोयत्याला, पुरा कोयता भरंल. दादा म्हणाले, "हिला न्हाई." मला धारूरला आत्याकडं शाळेत ठेवलं आणि स्वतः नऊ हंगाम अर्धा कोयता म्हणून गेले. मी मास्तरीण झाले ती अशी.

आता कळलं का सर, मी का भांडत होते? माझी आई 'समदे आले' हे ऐकून गेली. मी तिला सांगितलं होतं, मागं कुणी राहिलं नाही. तुमचं खरं धरलं असतं तर मी तिला फसवलं असा अर्थ झाला असता. आणि माझाच शेवट कागदावर लिहायचा म्हटलं, की 'सगळे परत आले' या ओळीशी हात थांबायचा. बोलताना जमायचं. लिहिताना नाही जमलं. तीन वर्षांत किती वह्या फाडल्या ते तुमच्या सूनबाईला, म्हणजे माझ्या लेकीला विचारा. सूनबाई कसली, तुम्हीच म्हणायचात, मला मुलगा असता तर हिलाच मागितली असती. ती तेव्हापासून रुसून आहे, कारण तुमच्या अंत्यदर्शनाला आम्ही गेलो नाही. कसं जाणार होते? पानं न घेता तुमच्यासमोर यायचं धाडस नव्हतं.

रागही येतो तुमचा. किल्ल्यावर दुसऱ्यांदा का विचारलं नाहीत? आणखी एकदा विचारलं असतंत, तर सांगितलं असतं मी. एवढे हुशार तुम्ही, आभाळ उलटंपालटं करणारे, आणि एका बाईला दोनदा विचारायचं सुचलं नाही? पण असू दे. तुम्ही 'बरं' म्हणालात म्हणून मी तुम्हाला पुढं वीस वर्षं पत्रं लिहू शकले, हेही खरं आहे.

आणि तुमचं देणं किती आहे माझ्या अंगावर! माझ्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळी झाली की फडावर जातात. शाळा सुटते ती सुटतेच कित्येकांची. तुम्हाला एकदा सहज सांगितलं की जाताना मी त्यांना एक गोष्ट सांगते आणि मधेच थांबते, पुढचं तुम्ही घेऊन या म्हणते. तेव्हापासून दर दसऱ्याआधी तुमचं पाकीट येऊ लागलं. आत अर्धी गोष्ट. चंद्रावरची विहीर, लोखंड खाणारी शेळी, दुसऱ्याचं स्वप्न चुकून पडलेला माणूस. पोरं ती घेऊन जायची आणि चैत्रात पहिल्या दिवशी दप्तर नसलं तरी वर्गात यायची, शेवट सांगायला. एका पोरीनं शेळीचं लग्न लावलं होतं ट्रॅक्टरशी. तुम्ही फोनवर खोकला येईस्तोवर हसलात. ती पोरगी आता बीडला नर्सिंग करते. गोष्टीपायी परत आलेली पोरं आहेत ती, सर. मी नुसती दारात उभी होते.

हे आठवलं आणि काल दुपारी मी वही घेऊन बसले. तुमचा प्रश्न समोर ठेवला. कशासाठी येतील परत?

आम्ही परत आलो तो दिवस आठवला. ट्रक वेशीत थांबला. घरी राहिलेली म्हातारी माणसं जमली होती, प्रत्येकजण आपलं माणूस शोधत होता. माझ्या आईची आईही आली होती, खालच्या गावाहून चालत, लेकीला भेटायला. तिला कुणी काहीच कळवलं नव्हतं. तेव्हा फोन कुठले? दादा पोती उतरवत राहिले, पोत्यांमागं तोंड लपवत. बाया एकमेकींकडं बघत होत्या. म्हातारी प्रत्येकीला विचारत होती, "माजी लेक कुटंय?" मला सगळं ठाऊक होतं. मी ट्रकाच्या फाळक्याला धरून उभी होते आणि मी तोंड उघडलं नाही. शेवटी कुणीतरी तिला बाजूला नेलं.

तिला सांगायला तरी आम्ही परत आलोच होतो की. आम्ही आलो नसतो, तर ती जन्मभर वेशीकडं बघत राहिली असती. तुमचं यान पुढं निघून जातं सर, आणि खाली पृथ्वीवर वाट बघणाऱ्यांचं काय, हे तुम्ही दाखवलंच नाही. आणि मी सगळ्यांना परत आणलं, तेव्हा जे आले नाहीत त्यांना मी गाळलं. दोघंही चुकलो. हे तुम्हाला समोर बसून ऐकवायला हवं होतं. तुम्ही वही काढली असतीत.

चार पानं झाली. रडत लिहिली, अक्षर वाईट आहे, पण तुमच्या मुलीला लागेल ते. आज सकाळी फोटो काढून पाठवली. माझ्या शेवटात यान परत येतं. दार उघडतं. खाली गर्दी उभी आहे, प्रत्येकजण आपलं माणूस शोधतोय. पहिल्यांदा एक दहा वर्षांची पोरगी उतरते. गर्दीतली एक म्हातारी तिला विचारते, आणि ती पोरगी मान खाली घालत नाही. म्हातारीचा हात धरते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, "माझी आई आली नाही. तिचं नाव सोजर."